बारभाई कोणाचे?

‘बारभाईचा कारभार’ हा शब्दप्रयोग आमच्या भाषेंत निंदाव्यंजक झाला आहे. ज्या कामांत हुकूम करणारे अनेक व जाब देणारा एकही नाहीं, त्यास आपण बारभाई म्हणतों. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके प्रभृति मुत्सद्द्यांनीं जें मंडळ उभारलें, त्याच्या वांट्यास हा लौकिक आला. परंतु या शब्दाचा अस्सल मासला ज्यास पाहावयाचा असेल, त्यानें पुण्याच्या दरबाराकडे न पाहतां, १७७९ च्या जानेवारींत घाट चढून आलेल्या इंग्रजांच्या छावणीकडे पाहावें, असें आम्ही सुचवितों.

राघोबादादांस पुण्याच्या सत्तेवर बसविण्याच्या हेतूनें मुंबईच्या इंग्रजांनीं नोव्हेंबर १७७८ मध्यें सुमारें चार हजार फौज रवाना केली. सेनापति कर्नल एजर्टन. पण त्याच्या हातीं पूर्ण अधिकार नव्हता. जॉन कार्नाक, टॉमस मॉस्टिन आणि स्वतः एजर्टन अशा तिघांची एक समिति फौजेबरोबर दिली होती, आणि मोहिमेचें सूत्र तिच्याकडे होतें. समितीचें पहिलें फळ म्हणजे कार्नाक व एजर्टन यांच्यांत मानमरातबावरून माजलेला तंटा. मॉस्टिन आजारी पडून मुंबईस परतला व १ जानेवारी १७७९ रोजीं वारला. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यावर लुब्ध होऊन मराठ्यांनीं त्यास ‘इष्टूर फांकडा’ म्हटलें. ६ तारखेस प्रकृतीच्या कारणानें एजर्टननें सेनापतित्व कॉकबर्नकडे सोंपविलें, पण समितींतील जागा मात्र राखली. म्हणजे हुकुमाचें ओझें उतरलें, हुकुमाचा हक्क तेवढा उरला!

९ तारखेस फौज तळेगांवीं पोंचली, तों मराठ्यांनीं गांव जाळून टाकलेलें. पुणें अवघें नऊ-दहा कोसांवर होतें. तरीही समितीनें माघारीचा निश्चय केला. ११ तारखेच्या रात्रीं मोठ्या तोफा तळ्यांत लोटून, सामानास आग लावून फौज निघाली. मराठ्यांनीं तिला गांठलें. पिछाडीस कॅप्टन हार्टली व त्याचे शिपाई झुंजले, म्हणून ती वडगांवपर्यंत तरी आली. तेथें कॉकबर्ननें मत दिलें कीं, आतां पुढें हटणें अशक्य असून तसा प्रयत्न केल्यास परिणामाची जबाबदारी आपण पत्करूं शकत नाहीं. साऱ्या मोहिमेचें सार या एका नकारांत आहे.

मग तहाचें बोलणें निघालें. आरंभीं समितीनें सांगितलें कीं, कलकत्त्याच्या संमतीवांचून तह करण्याचा आम्हांस अधिकारच नाहीं. पण निभाव लागेना, तेव्हां त्याच समितीनें पूर्ण अधिकार असल्याचें दाखवून महादजी शिंद्यांशीं करार केला. साष्टीसह १७७३ पासून घेतलेला मुलूख परत देण्याचें कबूल केलें आणि दोन ओलीस ठेविले. असा करार बंधनकारक नाहीं, हें कार्नाकच्या मनांत आधींपासूनच होतें. सुटका हवी तेव्हां अधिकार आहे, वचन पाळण्याची वेळ येतांच अधिकार नाहीं: समितीच्या आडोशाचा याहून सोयीस्कर उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं.

वॉरन हेस्टिंग्जनें तो करार झिडकारला. विलायतेंतील संचालकांनीं कार्नाक, एजर्टन व कॉकबर्न यांस नोकरींतून काढलें. यावरून न्याय झाला असें कोणी म्हणेल. पण तो अर्धाच झाला. ज्या कौन्सिलानें ही तीन तोंडांची समिति निर्मिली, तिचा अध्यक्ष हॉर्न्बी १७८४ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर राहिला. आणि ज्या शिपायांचा त्या मसलतींत कांहीं एक संबंध नव्हता, त्यांनीं आपला हिशेब माघारीच्या वाटेवर प्राण देऊन केव्हांच चुकता केला होता. जबाबदारी वांटून नाहींशी होते, तिची किंमत मात्र नाहींशी होत नाहीं. ती दुसऱ्याच कोणास भरावी लागते.

यावर आक्षेप येईल कीं, एकाच्या हातीं सर्व सत्ता दिल्यास जुलूम होतो, म्हणून मंडळें हवीं. आम्हांस हें मान्य आहे. राघोबांच्या एकतंत्रास आळा घालण्यासाठींच बारभाईंचें मंडळ जन्मास आलें. त्यांच्यांतही मतभेद होते. सखारामबापूंवर संशय आला व त्याच वर्षीं त्यांस कैद झाली. तथापि संशय आला तो एका नांवानिशीं माणसावर, मंडळावर नव्हे. दोष अनेकांच्या मसलतीचा नाहीं. अनेकांच्या आड लपण्याचा आहे. मसलत दहांची असावी, परंतु हुकूम एकाचा असावा आणि त्याखालीं त्याचें नांव असावें.

आज कंपन्या, मंडळ्या, संस्था व सरकारी खातीं यांतून ‘समितीनें ठरविलें’ हें वाक्य ऐकूं आलें म्हणजे आम्हांस तळेगांवचें तें तळें आठवतें. त्यांत तोफा कोणी लोटल्या, असें विचारल्यास उत्तर एकच मिळालें असतें: सर्वांनीं. आणि सर्वांनीं म्हणजे कोणीच नाहीं!