केणीपासून स्क्रेपरपर्यंत : माती खरवडणारं यंत्र चालतं कसं?

बैलांची केणी जुन्या माणसांनी पाहिली असेल. उंचावरची माती खरवडून भरायची, बैलांनी ती खोलगट जागी ओढत न्यायची आणि मूठ उचलून तिथे उपडी करायची. आज मोठमोठे रस्ते आणि धरणं बांधायला वापरला जाणारा स्क्रेपर म्हणजे हीच केणी, फक्त इंजिन लावलेली.

अमेरिकेतल्या फ्रेस्नो गावात जेम्स पोर्टियस यांनी 1883 मध्ये घोड्यांनी ओढायच्या सुधारित केणीचं पेटंट घेतलं. पनामा कालव्याच्या खोदाईतही ती वापरली गेली. पुढे आर. जी. लेटुर्नो या शेतं सपाट करून देणाऱ्या ठेकेदाराने ट्रॅक्टरमागे ओढायचे लोखंडी स्क्रेपर बनवले, त्यांना रबरी टायर बसवले. 1938 मध्ये त्याने स्वतःच्या इंजिनावर पळणारा स्क्रेपर बाजारात आणला.

यंत्राची रचना समजायला सोपी आहे. दोन्ही बाजूंच्या चाकांमध्ये एक मोठं खोकं असतं, त्याच्या पुढच्या काठाला पातं. चालकाने खोकं खाली टेकवलं की गाडी पुढे जाताना पातं जमिनीचा पातळ थर सोलतं आणि माती आपोआप आत चढते. खोकं भरलं की पुढचं झाकण पडतं, खोकं वर उचललं जातं आणि गाडी निघते. टाकायच्या जागी झाकण उघडतं आणि मागची लोखंडी भिंत पुढे सरकत माती बाहेर ढकलते. खोदणं, वाहणं, पसरणं ही तिन्ही कामं एकच गडी करतो. मोठ्या यंत्रात एका खेपेला 5 ते 7 ब्रास माती मावते. जमीन घट्ट असेल तर भरताना मागून डोझरचा धक्का द्यावा लागतो.

मग रायगडच्या किनाऱ्यावर हे यंत्र फारसं का दिसत नाही? कारण आपली जमीन. वर काळा कातळ, खाली खाडीचा चिखल. कातळावर पातं चालत नाही. नवी मुंबई विमानतळासाठी सुमारे 90 मीटर उंचीची उलवे टेकडी सुरुंग लावूनच फोडावी लागली. चिखलात तर चाकंच रुततात. म्हणून खारबंदिस्तीच्या कामाला रुंद पट्ट्यांवर चालणारं पोकलेन येतं. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण आपण सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रांना तेच म्हणतो.)

खरी गोम इथेच आहे. स्क्रेपर माती वीतभर जाडीच्या थरात पसरतो आणि त्याच थरावरून भरलेली चाकं फिरतात, त्यामुळे भराव दबत जातो. पोकलेन बादलीभर ओला चिखल उचलून बांधावर ढीग टाकतं. वरून बांध उंच दिसतो, आत मात्र पोकळ राहतो. चिखल सुकला की भेगा पडतात, खेकडे बिळं करतात आणि उधाणाच्या भरतीला नेमकी तिथेच खांड जाते. एकदा खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं भातपिकाला फटका बसतो.

त्यामुळे गावच्या बांधाचं काम चालू असेल तर फक्त उंची मोजून भागत नाही. माती थराथराने टाकतात का, प्रत्येक थर दाबतात का, हे उभं राहून बघावं. बांधाच्या अगदी पायथ्यालगतचीच माती उकरू देऊ नये. तिथे खड्डा झाला की बांध घसरतो.

छोटा स्क्रेपर मात्र आपल्याकडेही चालतो, ट्रॅक्टरमागे, सुक्या शेतात. खारजमिनीत सपाटीकरणाला मोल आहे, कारण पावसाचं गोडं पाणी शेतभर सारखं उभं राहिलं तरच मीठ नीट धुऊन जातं. उंचवट्यावर ते तसंच राहतं आणि तिथलं रोप पिवळं पडतं. पण जास्त खोल खरवडलं तर वरची कसदार माती जाते आणि खालची खारी माती उघडी पडते. उंचवटा मोठा असेल तर आधी वरची चार बोटं माती काढून बाजूला ठेवायची, सपाटीकरण झाल्यावर तीच परत पसरायची. यात ट्रॅक्टरचे तास वाढतात, म्हणून भाडं ठरवतानाच हे बोलून घ्यावं.