खुपरी गेली, कुसळ राहिलं



आज आपण डोळ्याच्या दुखण्यावर बोलणार आहोत. औषधांच्या यादीने सुरुवात न करता आधी जुनी हकिकत सांगतो. एक दुखणं हजारो वर्षं माणसाच्या मागे होतं, ते आपल्या देशातून कसं हटलं, आणि दुसरं एक दुखणं आजही आपल्या शेताच्या बांधावर कसं बसलंय, हे कळलं की घरात काय करायचं आणि काय नाही, ते लक्षात राहतं.

घरात म्हाताऱ्या आजी असतील तर त्यांना 'खुपरी' हा शब्द विचारून बघा. शब्दातच खुपणं ऐकू येतं. इंग्रजीतून आलेलं तिचं नाव ट्रॅकोमा. हा शब्द मूळचा ग्रीक, आणि त्याचा अर्थ खरखरीत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी दूर ग्रीस देशातल्या माणसालाही डोळ्यात तेच जाणवलं, जे आपल्या आजीला जाणवलं.

खुपरी हे सूक्ष्म जंतूंमुळे होणारं दुखणं. लहानपणी डोळे येतात, चिकट होतात, लाल होतात. वरची पापणी उलटून पाहिली तर आत बारीक दाणे दिसतात. डोळे बरे होतात, पुन्हा येतात. असं वर्षानुवर्षं चाललं की पापणीच्या आतल्या बाजूला व्रण पडतात. व्रण आकसतात आणि पापणीची कड आत ओढली जाते. मग पापणीचे केस बुबुळावर घासायला लागतात. आपण दिवसभरात हजारो वेळा पापणी मिटतो. प्रत्येक वेळी केस घासला तर काय होईल, विचार करा. बायका चिमट्याने ते केस उपटायच्या, चार दिवस बरं वाटायचं, केस पुन्हा उगवायचे. घासून घासून बुबुळ पांढरं व्हायचं. त्यालाच आपण फूल पडलं म्हणतो. बाई चाळिशी-पन्नाशीत आंधळी व्हायची, पण दुखण्याचं मूळ मात्र तिच्या बालपणात असायचं.

हे दुखणं गरिबांचं आणि दाटीवाटीचं. १७९८ साली फ्रान्सचा नेपोलियन सैन्य घेऊन इजिप्तवर गेला. पुढे इंग्रजांचं सैन्यही तिथे उतरलं, मुंबई इलाख्यातल्या पलटणीसुद्धा १८०१ साली त्या मोहिमेवर गेल्या होत्या. तिथून परतलेल्या सैनिकांनी डोळ्यांची साथ युरोपात नेली. लंडनमध्ये १८०५ साली खास डोळ्यांचा दवाखाना सुरू झाला, त्यामागे ही साथ हे मोठं कारण होतं. तोच दवाखाना आज मूरफिल्ड्स नावाने जगभर ओळखला जातो. पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेत पोट भरायला येणाऱ्या लोकांची न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर तपासणी व्हायची. बुटाची बटणं लावायच्या आकड्याने त्यांच्या पापण्या उलटून पाहायचे. खुपरी सापडली तर बोटीने परत पाठवायचे. एका कुटुंबातले काहीजण आत आणि एखादा परत, असंही व्हायचं. डोळ्यातल्या दाण्यांनी घरं तुटली.

रोग कशाने होतो, हे मात्र बरीच वर्षं पक्कं कळत नव्हतं. १९५० च्या दशकात चीनमधले शास्त्रज्ञ तांग फेइफान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुपरीचे जंतू कोंबडीच्या अंड्यात वाढवून वेगळे केले. हेच जंतू रोगाचं कारण आहेत, हे सिद्ध करायला तांग यांनी पुढे ते स्वतःच्या डोळ्यात घातले. डोळा आला, सुजला. त्यांनी लगेच औषध न घेता रोग कसा वाढतो ते नोंदवू दिलं. शत्रू कोण, ते आता निश्चित झालं.

आपल्या देशात पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात अशा कोरड्या, धुळीच्या भागात खुपरीचा जोर फार होता. १९६३ साली सरकारने राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. गावोगावी डोळ्यांत घालायचं मलम वाटलं गेलं. १९७६ साली हे काम राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सामावून घेतलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने चार कामांची सांगड घालून दिली: आत वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, जंतूंवर औषध, मुलांचे चेहरे स्वच्छ ठेवणं, आणि पाणी व संडासाची सोय. ऑक्टोबर २०२४ मध्ये या संघटनेने जाहीर केलं की, भारतात खुपरी ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिलेली नाही. आपल्या शेजारचा नेपाळ हे २०१८ मध्येच करून बसला होता.

आता या चार कामांकडे नीट बघा. शस्त्रक्रिया आणि औषध ही दवाखान्याची कामं. पण तोंड धुणं, पाणी भरणं, घर-अंगण स्वच्छ ठेवणं ही कुणाच्या वाट्याची? खुपरी पसरायची ती हातांनी, एकाच टॉवेलने, पदराने आणि माशांनी. डोळ्यांवर बसणारी ती माशी उघड्यावरच्या विष्ठेत वाढते. म्हणून गावात संडास झाले तेव्हा फक्त पोटाचे रोग कमी झाले असं नाही, डोळेही वाचले. आणि जगभरात या रोगाने आंधळं होण्याचं प्रमाण बायकांत पुरुषांच्या चौपटीपर्यंत जातं. कारण उघड आहे. आलेल्या डोळ्यांचं लेकरू मांडीवर आपण घेतो. त्याचे डोळे ज्या पदराने पुसतो, त्याच पदराने आपला घाम टिपतो. एका बोटाने चार पोरांना काजळ घालतो. माया करता करता आजार घरभर फिरायचा. तेव्हा खुपरी हटवण्यात ज्या बायांनी हंडे वाहिले आणि पोरांची तोंडं धुतली, त्यांचा वाटा डॉक्टरांइतकाच मोठा आहे, असं आम्हाला वाटतं.

खुपरी गेली. पण डोळ्याचं दुसरं दुखणं आजही आपल्यात आहे. ते म्हणजे कुसळ.

मळणीच्या वेळी उडालेलं कुसळ, उसाच्या पाल्याची धार, भाताचं तूस, काट्याची फांदी, जनावराच्या शेपटीचा फटका. बुबुळावर एवढासा ओरखडा येतो. डोळ्याला पाणी येतं, आपण चोळतो, पदराचं टोक फिरवतो आणि पुन्हा कामाला लागतो. बहुतेक वेळा निभावतं. पण पाल्यावर, मातीत बुरशी असते, जंतू असतात. ओरखड्यातून ते आत शिरले की बुबुळावर जखम होते, पांढरा ठिपका दिसतो, ठणका लागतो, उजेड सहन होत नाही. वेळ गेली तर कायमचं फूल पडतं.

या दुखण्याच्या इतिहासातही एक सोनेरी पान आहे, आणि ते आपल्यासारख्याच गावांनी लिहिलंय. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात सुमारे पस्तीस हजार लोकांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं होतं. लोकांना सांगितलं होतं की डोळ्याला काही लागलं तर लगेच त्यांच्याकडे या. नुसता ओरखडा असेल तर ते तीन दिवस जंतुनाशक मलम घालायचे, जखम चिघळलेली असेल तर मोठ्या दवाखान्यात पाठवायचे. २००१ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. अठरा तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकाचाही डोळा चिघळला नाही. अठरा ते चोवीस तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांचा चिघळला. आणि एक दिवस उलटल्यावर, दोन दिवसांच्या आत आलेल्या ४९ जणांपैकी चौदा जणांचा!

मैत्रिणींनो, हे आकडे पाठ करा. मलम तेच, गाव तेच, माणसं तीच. फरक होता तो वेळेचा. आपण काय करतो? आज बाजार आहे, उद्या पाहुणे आहेत, परवा मजुरी बुडेल. दुखणं अंगावर काढणं हे आपल्याला सोशीकपणाचं लक्षण वाटतं. गुडघा दुखला तर चार दिवस थांबता येईल. डोळा थांबत नाही.

म्हणून काही गोष्टी मनात पक्क्या करूया.

डोळ्यात काही गेलं तर चोळू नका. हात धुऊन, स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. निघालं आणि खुपणं थांबलं तर ठीक. तरीही खुपत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रुतलेलं असेल तर पिन, काडी, पदराचं टोक, कुणाची जीभ, काहीही लावू नका.

मध, एरंडेल, अंगावरचं दूध, झाडपाल्याचा रस डोळ्यात घालू नका. हे उपाय देणाऱ्या आजीची माया खरी, पण जखम झालेल्या बुबुळाला त्यातून नवे जंतू मिळतात. तसंच घरात उरलेले, शेजारणीचे किंवा दुकानातून विचारून आणलेले थेंबही नकोत. काही थेंबांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली आणि ठणका कमी होतो, आपल्याला बरं वाटतं, आणि आत बुरशी मात्र फोफावते.

चुना किंवा फवारणीचं औषध डोळ्यात उडालं तर मात्र आधी दवाखाना नाही, आधी पाणी. पापण्या उघड्या धरून किमान अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार सोडा, मग तडक दवाखान्यात जा. तंबाखूच्या चुन्याची पुडी लेकरांच्या हाती लागू देऊ नका. ती दाबताना फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो.

आणखी एक. चाळिशी ओलांडलेल्या बाईचा डोळा अचानक भयंकर दुखायला लागला, त्या बाजूचं डोकं ठणकतंय, उलट्या होताहेत, नजर धूसर झालीय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसताहेत, तर ते पित्त समजून लिंबू-सरबत देऊ नका. तो काचबिंदूचा झटका असू शकतो. तो बायकांना जास्त येतो, आणि काही तासांत, दिवसांत नजर घेऊन जातो. रात्र असली तरी निघा.

हे सगळं एकटीने होत नाही, हे आम्हाला बैठकांमधून रोज दिसतं. डोळा दुखतो हे बाईला कळतं, पण गाडीभाडं नसतं, सोबत नसते, घरातून "उद्या बघू" म्हणतात. इथे बचत गट उपयोगी पडला पाहिजे. पुढच्या बैठकीत तीन ठराव करूया. पहिला, डोळ्याच्या तातडीसाठी गटातून त्याच दिवशी, विचारपूस लांबवता न लावता, पैसे मिळतील. दुसरा, सोबत कोण जाणार त्या दोघींची नावं आधीच ठरलेली असतील. तिसरा, मळणी, ऊसतोडणी आणि फवारणीच्या हंगामाआधी गटातर्फे साधे, डोळ्यांच्या कडा झाकणारे चष्मे आणले जातील. आशाताईंना बैठकीला बोलवा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासणारे कोणत्या वारी असतात, ते विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

खुपरी हटायला देशाला साठ वर्षं लागली. कुसळाला मात्र आपल्याकडे अठरा तास आहेत. घड्याळ कुसळ गेल्यापासूनच चालू होतं, हे विसरू नका.