गिरणीवाला आणि व्होल्ट

परवा शनिवारी नववीतला भाचा पुस्तक घेऊन आला. "मामा, व्ही बरोबर डब्ल्यू भागिले क्यू हे पाठ आहे. पण विभवांतर म्हणजे नेमकं काय रे?" म्हटलं, प्रभार एका जागेवरून दुसरीकडे न्यायला लागणारं काम, दर कूलोममागे. "कुठल्या वाटेने न्यायचा? लांबून नेला तर जास्त काम नाही का होणार?"

मंडळी, इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता!

शेवटी जिना कामी आला. आमच्या बिल्डिंगला पुढून-मागून दोन जिने आहेत. सिलिंडर कुठल्याही जिन्याने वर न्या, गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं काम तेवढंच (घाम कमी-जास्त येईल, तो सोडा). म्हणून तर 'तिसरा मजला' म्हणण्याला काही अर्थ आहे. स्थिर प्रभारांच्या भोवतीही असंच असतं, वाटेचा काही संबंध नाही. प्रत्येक बिंदूला आपला एक मजला, म्हणजे विभव. दोन बिंदूंच्या विभवातला फरक गुणिले प्रभार, की झालं काम. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे ती एका कूलोमला १२ ज्यूल ऊर्जा देते.

भाच्याचं समाधान झालं, माझं नाही. हे मजले मोजायचं सुचलं कोणाला? रविवार त्यातच गेला आणि सापडला जॉर्ज ग्रीन.

हा इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या स्नेंटनचा, जन्म १७९३ चा. वडील बेकरीवाले, त्यांनी पुढे पवनचक्कीवर चालणारी पिठाची गिरणी बांधली. पोरगा शाळेत गेला जेमतेम वर्षभर, मग बेकरी आणि गिरणी. १८२३ साली तो गावातल्या वर्गणीच्या वाचनालयाचा सभासद झाला. दिवसा दळण आणि उरलेल्या वेळात लाप्लास, प्वासाँ यांचं फ्रेंच गणित! त्या काळी केंब्रिजचे बरेच पंडितसुद्धा या गणितात मागे होते.

१८२८ मध्ये त्याने वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावर एक निबंध स्वतःच छापून काढला. किंमत साडेसात शिलिंग, आगाऊ वर्गणीदार ५१. त्यातल्या किती जणांना पहिल्या पानापलीकडे काही कळलं असेल, देव जाणे.

निबंधातली कल्पना मात्र अफाट. बल सांगायचं तर प्रत्येक बिंदूला तीन आकडे लागतात, कारण त्याला दिशा असते. त्याऐवजी प्रत्येक प्रभाराला त्याच्या अंतराने भागून सगळ्यांची बेरीज करा, बिंदूमागे एकच आकडा येतो. तो जागेनुसार कसा बदलतो ते पाहिलं की बल आपोआप निघतं. ही बेरीज लाप्लास आणि प्वासाँ आधीपासून वापरत होते, पण तिला 'पोटेन्शियल फंक्शन' हे नाव दिलं ग्रीनने आणि विजेचं सगळं गणित त्यावर उभं केलं. गंमत म्हणजे या आकड्याचा 'काम' म्हणून अर्थ नीट उलगडला तो नंतर, १८४० च्या दशकात, ऊर्जेच्या अक्षय्यतेची कल्पना रुजल्यावर. आधी व्हेरिएबल, मग डॉक्युमेंटेशन. आपल्याकडे चालतं तसंच :-)

वर्गणीदारांत सर एडवर्ड ब्रॉमहेड नावाचे एक गणितज्ञ होते. त्यांनी पत्र लिहिलं की पुढचं लेखन मी विद्वत्सभांकडे पाठवतो. कोणीतरी ग्रीनला सांगितलं, अरे ते नुसतं सौजन्याचं बोलणं, मनावर घेऊ नकोस. बिचाऱ्याने जवळजवळ दोन वर्षं उत्तरच दिलं नाही! ही जागा वाचून मला फार वाईट वाटलं. विजेचे मजले मोजणाऱ्या माणसाला समाजातला आपला मजला खालचा वाटत होता.

पुढे ब्रॉमहेडच्याच आग्रहाने १८३३ मध्ये, वयाच्या चाळिशीत, स्वारी केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाली. १८३७ च्या परीक्षेत चौथा आला, १८३९ मध्ये फेलो झाला आणि ३१ मे १८४१ ला गेला. तोवर तो निबंध जवळपास कोणीच वाचला नव्हता. दरम्यान जर्मनीत गाउसने स्वतंत्रपणे तीच कल्पना, तेच नाव देऊन मांडलीही होती.

जानेवारी १८४५. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, तेव्हा वीस वर्षांचे. एका शोधनिबंधात ग्रीनच्या या कामाचा उल्लेख वाचल्यापासून ते तो निबंध शोधत होते, कुठे मिळेना. पॅरिसला निघायच्या आधी त्यांनी आपले शिक्षक हॉपकिन्स यांच्याकडे सहज विषय काढला, तर प्रती त्यांच्याच खोलीत पडलेल्या! थॉमसननी त्या पॅरिसला नेऊन लिउव्हिल आणि स्टुर्मला दाखवल्या. पुढे १८५० ते १८५४ या काळात क्रेलच्या बर्लिनच्या नियतकालिकात निबंध तीन भागांत छापून आला आणि मग युरोपभर पोचला.

एककाचं नाव १८८१ च्या पॅरिस परिषदेत ठरलं, व्होल्ट. बॅटरीवाल्या व्होल्टाचा मान होताच म्हणा.

ग्रीनचं एकही चित्र आज उपलब्ध नाही. गिरणी मात्र दुरुस्त करून १९८० च्या दशकात पुन्हा सुरू केली. भाच्याला तिचा फोटो दाखवला, तर म्हणतो, "मामा, तिथे पीठ कितीला मिळतं रे?"