सीआरओ ते यूएसबीची डबी: पेटीतून काय काय बाहेर काढलं गेलं?

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: घरी सर्किटं करून बघायची आहेत, तर लॅपटॉपला जोडायचा स्वस्त ऑसिलोस्कोप घ्यावा का? वेबसाइटवरचे आकडे बघून याचं उत्तर ठरवू नका. त्याआधी या यंत्राचा इतिहास थोडा बघा. हा इतिहास म्हणजे एका जड पेटीतून एकेक भाग कसा बाहेर पडला, त्याची गोष्ट आहे. स्वस्त डबीत जे नाही, त्याचं काम बंद झालेलं नसतं. ते दुसऱ्या कुणाकडे तरी गेलेलं असतं. कुणाकडे, हे शोधणं म्हणजेच यंत्राचं मूल्यमापन.

सुरुवात १८९७ ची. स्ट्रासबुर्गमध्ये कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांना बदलत्या विद्युतप्रवाहाचा आलेख डोळ्यांनी बघायचा होता. त्यांनी कॅथोड किरणांची नळी केली, शेजारी एक कॉइल ठेवली आणि प्रवाहाबरोबर पडद्यावरचा ठिपका वर-खाली नाचू लागला. पण ठिपका एकाच रेषेत नाचतो, मग काळाचा अक्ष कुठून आणायचा? ब्राऊन यांनी तो फिरत्या आरशातून आणला. दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, त्यांचे सहकारी योनाथन त्सेनेक यांनी ठिपक्याला आडवं सरकवण्याची सोय नळीपाशीच केली. म्हणजे बघा, सिग्नल दाखवणं तुलनेने लवकर जमलं. वेळ दाखवणं ही पहिल्या दिवसापासूनची अडचण होती आणि पुढेही ती पाठ सोडत नाही.

नंतरची बरीच वर्षं ऑसिलोस्कोपमधला आडवा झोत आपल्याच तालात फिरायचा. नॉब फिरवत त्याचा ताल सिग्नलच्या तालाशी जुळवायचा, मग चित्र जरा वेळ स्थिर राहायचं. सिग्नल नियमित असेल तर ठीक. अधूनमधून एखादाच स्पंद येत असेल, तर पडद्यावर नुसता गोंधळ. आकार कळायचा, पण अमुक इतके मायक्रोसेकंद असं छातीठोकपणे सांगता यायचं नाही.

हे बदललं दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धकाळात रडारवर काम केलेले हॉवर्ड व्होलम आणि त्यांचे मित्र जॅक मर्डॉक यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली. १९४७ मध्ये त्यांचा ५११ हा ऑसिलोस्कोप आला. बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ, किंमत ७९५ डॉलर. त्याचं खरं मोल होतं ट्रिगरमध्ये. सिग्नलने ठरावीक पातळी ओलांडली की मगच झोत निघणार, आणि तो मोजून-मापून ठरलेल्या वेगानेच जाणार. ट्रिगरची कल्पना रडारवाल्यांना आधीपासून माहीत होती, पण बाजारात मिळणाऱ्या, टेबलावर ठेवता येणाऱ्या यंत्रात ती नीट बसवली ती इथे. माझ्या मते ऑसिलोस्कोप हे चित्र दाखवणारं खेळणं न राहता मोजमापाचं साधन झालं ते याच टप्प्यावर. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला सीआरओवरचा 'ट्रिगर लेव्हल' नावाचा नॉब सगळेच फिरवतात. तो कशासाठी आहे, हे मात्र व्हायवात विचारलं की शांतता.

मधला काळ भराभर ओलांडतो. एडीसी वेगवान आणि स्वस्त झाले, सिग्नलचे आकडे झाले, आकडे मेमरीत साठवता येऊ लागले. आणि मग एक साधा विचार पुढे आला: पडदा, मेमरी, बटणं, प्रोसेसर हे सगळं टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये आहेच, मग दुसऱ्यांदा पैसे का द्यायचे? इंग्लंडमध्ये १९९१ मध्ये सुरू झालेल्या पिको टेक्नॉलॉजीने प्रिंटरच्या पोर्टला जोडायची छोटी यंत्रं काढली. २००० मध्ये यूएसबी २.० आलं, सेकंदाला ४८० मेगाबिटचा रस्ता खुला झाला आणि या डब्या आणखी स्वस्त झाल्या. आपल्याकडे दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने कॉलेजांसाठी एक्सपआयज केलं. फिजिक्सची प्रॅक्टिकलं मुलांना स्वतःच्या हाताने, कमी पैशात करता यावीत हा त्यामागचा हेतू. सगळं मुक्त स्रोत. तुमच्या कॉलेजच्या कपाटात एखादं पडून असण्याची शक्यता आहे, विचारून बघा.

आता हॅन्टेक ६०२२बीई ही हॉबीवाल्यांमध्ये बरीच चालणारी डबी घेऊ. दोन चॅनल, ८ बिट, २० मेगाहर्ट्झ बँडविड्थ, सेकंदाला ४८ दशलक्ष नमुने. वेगळा अडॅप्टर नाही, वीज यूएसबीतूनच. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून जरा गणित करा. दोन चॅनल, प्रत्येकी ४८ दशलक्ष नमुने, प्रत्येक नमुना एक बाइट: सेकंदाला ९६ मेगाबाइट. यूएसबी २.० चा रस्ता कागदावरसुद्धा ६० मेगाबाइटचा, प्रत्यक्षात त्याहून अरुंद. म्हणजे पूर्ण वेगाने दोन्ही चॅनल अखंड वाहूच शकत नाहीत. आधी छोटा तुकडा पकडायचा, पाठवायचा, मग पुढचा. दोन तुकड्यांच्या मधे काय घडलं ते कुणालाच माहीत नाही.

आणि इथे १९४७ परत समोर येतं. या डबीत ट्रिगरचं सर्किटच नाही. ते काम लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर करतं: हाती आलेल्या तुकड्यात पातळी कुठे ओलांडली ते शोधतं आणि तिथून चित्र मांडतं. ऑसिलेटर किंवा पीडब्ल्यूएम असा नियमित सिग्नल असेल तर काहीच अडत नाही. पण मिनिटातून एकदा येऊन मायक्रोकंट्रोलर रीसेट करणारा स्पंद शोधायचा असेल, तर तो नेमका दोन तुकड्यांच्या फटीत पडू शकतो. पडद्यावर तुम्हाला स्वच्छ रेषा दिसेल आणि 'सप्लायमध्ये काही दोष नाही' असा निष्कर्ष तुम्ही वहीत लिहाल. न दिसलेल्या गोष्टीला नसलेली गोष्ट समजणं प्रबंधात फार महागात पडतं.

बँडविड्थची पण गंमत आहे. चढत्या कडेचा वेळ साधारण ०.३५ भागिले बँडविड्थ असतो, म्हणजे २० मेगाहर्ट्झसाठी १७.५ नॅनोसेकंद. सेकंदाला ४८ दशलक्ष नमुने म्हणजे दोन नमुन्यांत जवळजवळ २१ नॅनोसेकंदांचं अंतर. कड दोन नमुन्यांच्या मधेच चढून मोकळी! पडद्यावर जी तिरपी रेष दिसते ती सॉफ्टवेअरने ठिपके जोडून काढलेली. म्हणून बँडविड्थ कडेवरून तपासू नका. लॅबमधल्या फंक्शन जनरेटरवरून साइन वेव्ह द्या, आधी जनरेटरचीच उंची चांगल्या ऑसिलोस्कोपवर बघून घ्या, आणि वारंवारता वाढवत डबीवरची उंची कुठे ७०.७ टक्क्यांवर येते ते नोंदवा. त्याआधी ×१० प्रोबचा छोटा स्क्रू फिरवून १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीचे कोपरे सरळ करून घ्या. हे न करता घेतलेली रीडिंग्ज टाकून द्यावी लागतात.

मग प्रश्न येतो, तुम्हाला बघायचंय काय? ११५२०० बॉडच्या सीरियल लाइनवर एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा असतो. तिथे सेकंदाला दहा लाख नमुने घेणारं एक्सपआयज-१७ सुद्धा बिटामागे आठ-नऊ ठिपके देतं, काम भागतं. ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसी घड्याळावर मात्र ते दोन-तीन ठिपक्यांवर येतं. तिथे हॅन्टेकसारखी डबी १२० ठिपके देते. उलट एक्सपआयजचा एडीसी १२ बिटांचा, म्हणजे ४०९६ पायऱ्या, आणि ८ बिटांच्या डबीत फक्त २५६. ±५ व्होल्टच्या रेंजवर यातली एक पायरी ३९ मिलिव्होल्टची. पाच व्होल्टच्या सप्लायवरचा २० मिलिव्होल्टचा रिपल तिला दिसणारच नाही. सीआरओवर आपण एसी-डीसीचं बटण दाबून मोकळे होतो. इथे मूळ डबीत तेही बटण नाही, ते काम तुमच्याकडे आलं. ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर मालिकेत लावा, प्रोब ×१ वर ठेवा आणि ±०.५ व्होल्टची रेंज घ्या. पायरी ४ मिलिव्होल्टपर्यंत खाली येते. लॅमिंग्टन रोडवर हा कपॅसिटर अगदी किरकोळ पैशात मिळतो.

आता पेटीतून गेलेली शेवटची गोष्ट. तिच्याबद्दल जाहिरातीत क्वचितच लिहिलेलं असतं. प्रोबची काळी क्लिप यूएसबीच्या ग्राउंडला, म्हणजे थेट तुमच्या लॅपटॉपला जोडलेली असते. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनी असेल आणि घरात अर्थिंग असेल, तर तीच क्लिप अर्थिंगलाही जोडलेली. दोन पिनी चार्जर असेल तर लॅपटॉपचं ग्राउंड अधांतरी असतं आणि त्यावर ५० हर्ट्झचा गळतीचा व्होल्टेज बसतो. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर कधी कधी मुंग्या येतात, त्या यामुळेच. रीडिंगमध्ये घुसणारी गुणगुणही बऱ्याचदा तिथलीच. म्हणून मोबाइल चार्जरच्या आतला मेन्सकडचा भाग, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, फॅनचा रेग्युलेटर यांना या डबीची क्लिप लावायची नाही. २३० व्होल्टचा मार्ग तुमच्या लॅपटॉपमधून जाईल, आणि त्याच लॅपटॉपवर तुमचा सगळा डेटा असेल. बॅटरीवर किंवा आयसोलेटेड सप्लायवर चालणारी सर्किटं बघा, लॅपटॉपही चार्जर काढून चालवा. मेन्सकडचं काही मोजायचंच असेल तर त्यासाठी डिफरेन्शियल प्रोब लागतो, आणि तो डबीपेक्षा महाग पडू शकतो.

इतकं सगळं असूनही मी म्हणेन, घ्या. जुन्या सीआरओच्या पडद्यावरचं चित्र आपण ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्यायचो. इथे प्रत्येक नमुना फाइलमध्ये मिळतो, पायथॉनमध्ये उघडता येतो. हॅन्टेकच्या या डबीला ओपनहॅन्टेक६०२२ आणि सिग्रॉक ही मुक्त सॉफ्टवेअरं चालतात. डबीतली चिप तिचं फर्मवेअर प्रत्येक वेळी लॅपटॉपकडून घेते, त्यामुळे कंपनीचं सॉफ्टवेअर पसंत नसेल तर दुसरं वापरा, डबी उघडावीसुद्धा लागत नाही. फक्त ते वहीत लिहा. उपकरणाच्या रकान्यात नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती, नमुन्यांचा वेग, किती चॅनल चालू होते, रेंज, प्रोब ×१ की ×१०, लॅपटॉप बॅटरीवर होता की चार्जरवर, हे सगळं रीडिंगच्या शेजारी तारखेसकट हवं.