जुना संच घरी आणताना

माळ्यावर धूळ खात पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा सरकत्या दारांचा कृष्णधवल दूरचित्रवाणी संच हाती लागला, की पहिली इच्छा होते ती पिन लावून पाहण्याची. चालतो का, एवढेच तर पाहायचे असते! पण हीच घाई अनेक जुन्या संचांच्या मुळावर येते. पंचवीस-तीस वर्षे बंद असलेला संच एकदम २३० व्होल्टवर लावल्यास जो दोष काही रुपयांच्या कंडेन्सरमध्ये होता, तो क्षणार्धात ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचतो. म्हणूनच जुन्या संचांच्या छंदाचा पहिला धडा संयमाचा आहे.

बाजारात काय मिळते?

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण आले. त्यामुळे आपल्याकडे जुन्या बाजारात मुख्यतः मर्फी, फिलिप्स, बुश यांचे व्हॉल्व्ह रेडिओ, त्यानंतरचे ट्रान्झिस्टर, ईसी, वेस्टन, क्राउन यांसारखे कृष्णधवल संच आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांतील रंगीत संच आढळतात. मुंबईतील चोर बाजार आणि पुण्यातील जुना बाजार ही त्यांची परिचित ठिकाणे. पूर्वी रेडिओसाठी परवाना घ्यावा लागे आणि त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरले जाई. संचासोबत ती पुस्तिका मिळाली तर अवश्य जपावी. संच किती जुना असावा याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

पेटीला वाळवी लागलेली नाही ना, बटणे मूळची आहेत का आणि मागचे झाकण शाबूत आहे का, हे आधी पाहावे. काटा हलवणारी दोरी तुटली असेल तर चिंता नको. ती बदलता येते. फुटलेली काचेची डायल मात्र सहसा मिळत नाही. दूरचित्रवाणी संचात सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे पिक्चर ट्यूब. चित्र उजळायला फार वेळ लागत असेल किंवा उजळ भाग चंदेरी, मातकट दिसत असतील, तर ट्यूब थकली असे समजावे. इतर भाग दुरुस्त होतात. थकलेल्या ट्यूबवर खात्रीचा उपाय नाही. अमेरिका किंवा जपानमधून आलेला संच असल्यास तो किती व्होल्टचा आहे, हे तपासल्याशिवाय लावू नये. शिवाय त्या देशांची रंगपद्धती आपल्या पॅल पद्धतीहून वेगळी आहे.

पहिल्यांदा सुरू करताना

जुने कारागीर यासाठी ‘सिरीज बल्ब’ वापरतात. संचाकडे जाणाऱ्या एका तारेत ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब जोडला जातो. संचात शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि संच वाचतो. आधी उजळून मग मंदावला तर पुढे जाण्यास हरकत नाही. या कामी एलईडी बल्ब निरुपयोगी आहे. व्हॉल्व्ह रेडिओतील कागदी कंडेन्सर त्यापूर्वीच बदलून घ्यावेत. त्यांतून विजेची गळती झाली, की शेवटचा व्हॉल्व्ह तापून जळतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो. सतत घुंघुं असा आवाज येत असेल, तर दोष बहुधा फिल्टर कंडेन्सरचा असतो.

येथे एक गंभीर इशारा आवश्यक आहे. ‘एसी-डीसी’ प्रकारच्या रेडिओत चासी थेट घरातील विजेला जोडलेली असते; पिन उलटी बसली तर संपूर्ण चासीत वीज खेळते. अशा रेडिओच्या मागील ग्रामोफोनच्या सॉकेटमध्ये मोबाइल जोडणे जिवावर बेतू शकते. दूरचित्रवाणी संचाच्या पिक्चर ट्यूबवर तर हजारो व्होल्टचा दाब असतो; रंगीत संचात तो सुमारे २५,००० पर्यंत जातो आणि संच बंद केल्यावरही काही काळ टिकून राहतो. मागचे झाकण उघडण्याचे काम जाणकारावरच सोपवावे.

ऐकायचे आणि पाहायचे काय?

दूरदर्शनची बहुतेक जुनी भूप्रक्षेपणे २०२२ पर्यंत बंद झाली. त्यामुळे छतावरचा अँटेना आता उपयोगाचा नाही. सेटटॉप बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेअरचे पिवळे आउटपुट मॉड्युलेटरला जोडून तो अँटेनाच्या जागी लावावा. संचात केवळ व्हीएचएफ वाहिन्या असल्यास मॉड्युलेटरही व्हीएचएफचाच हवा. ६२५ रेषांच्या त्या पडद्यावर जुन्या कॅसेटमधील लग्नसमारंभ किंवा व्हिडिओ गेम जसा दिसतो, तसा आजच्या सपाट पडद्यावर दिसत नाही, कारण ही चित्रे मुळात त्याच पडद्यासाठी तयार झाली होती.

रेडिओची गोष्ट थोडी सुदैवाची. आकाशवाणीची जी केंद्रे अद्याप मध्यम लहरींवर आहेत, ती जुन्या संचावर थेट ऐकता येतात. डायलवर आकडे मीटरमध्ये असतील, तर तीन लाखाला त्या आकड्याने भागावे. उत्तर किलोहर्ट्झमध्ये मिळते. म्हणजे ३०० मीटर हे १,००० किलोहर्ट्झ झाले. खरखर फार असल्यास घरातील चार्जर आणि एलईडी दिवे बंद करून पाहावे.

दुरुस्त न होणाऱ्या संचाचे काय?

पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. ती फोडू नये, भंगारात टाकू नये. अधिकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावी. तत्पूर्वी बटणे, स्पीकर, व्हॉल्व्ह काढून ठेवले तर दुसरा एखादा संच त्यांवर जगतो.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत शोधता येतात. व्हॉल्व्हचे काम हाताने शिकलेले कारागीर मात्र आता वृद्ध झाले आहेत. आपला संच त्यांच्याकडे नेल्यास शेजारी बसून काम पाहावे आणि कोणता भाग का बदलला, हे वहीत टिपून ठेवावे. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ते कारागीर भेटतीलच असे नाही. तेव्हा ती वहीच कामी येईल.