दांडेकरांची रेषा

मागच्या शनिवारी मोडनिंबला घरी गेलो होतो. दुपारी लाईट गेलेली, मोबाईलची बॅटरी संपत आलेली. मग सोबत आणलेली झेरॉक्स काढून वाचत बसलो. वि. म. दांडेकर. (गोनीदा वेगळे बरं का, हे अर्थशास्त्रवाले!) आजीनं विचारलं काय वाचतोस. म्हटलं, गरीब कुणाला म्हणायचं याचा हिशेब आहे. ती हसली. "त्याला पुस्तक कशाला लागतंय?"

लागतं. निदान सरकारला तरी लागतं.

दांडेकर मूळचे साताऱ्याचे, जन्म १९२०. संख्याशास्त्राचा माणूस. पुण्यात बीएमसीसी रोडवर गोखले इन्स्टिट्यूट आहे, तिथे धनंजयराव गाडगीळांच्या हाताखाली कामाला लागले. गरिबीवरच्या लेखनामुळे ते सगळ्यांना माहीत आहेत, पण मला त्यांचं आधीचं एक काम जास्त आवडतं. १९५५ साली इन्स्टिट्यूटनं गाडगीळ आणि दांडेकर यांचं एक पुस्तक काढलं, सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्यांवर. विषय काय, तर पहिलीत आलेली मुलं जातात कुठे? किती मधेच शाळा सोडतात, किती एकाच इयत्तेत अडकतात? आणि शाळा सुटल्यावर काही वर्षांनी पुन्हा निरक्षर होतात का? गळतीची चर्चा १९२९ च्या हार्टोग समितीपासून चालू होती. पण एक जिल्हा धरून तिथली मुलं मोजत बसणं हे वेगळं काम.

माझी आजी नेमकी त्यातली. तिसरीतून काढली, कारण घरी धाकटा भाऊ सांभाळायला कुणी नव्हतं. आज ती सही करते, पण एसटीची पाटी वाचता येत नाही. त्या पाहणीतला शेवटचा प्रश्न वाचला की मला तीच दिसते.

पुढे १९६६ मध्ये दांडेकर इन्स्टिट्यूटचे संचालक झाले आणि जानेवारी १९७१ मध्ये नीळकंठ रथ यांच्याबरोबर 'पॉव्हर्टी इन इंडिया' आलं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी थ्रेशोल्ड ठरवला. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबांच्या खर्चाचे तक्ते असतात. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळतात ते कुटुंब महिन्याला किती खर्च करतं, ते त्यात शोधायचं. १९६०-६१ च्या किमतींना उत्तर आलं खेड्यात माणशी १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्याखाली खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं! शिवाय साठच्या दशकात शहरातल्या तळच्या २० टक्क्यांची अवस्था आणखी बिघडली, असंही त्यांनी लिहिलं. पंचवार्षिक योजनांचं कौतुक चालू असताना हे छापणं सोपं नसणार.

उपाय काय? सगळ्यांना वाटायला जमीन पुरणार नाही, म्हणून सार्वजनिक कामं काढा आणि मजुरी द्या. वर्षभरात १९७२ चा दुष्काळ आला. आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. तिनं ना रेषा ऐकली होती ना दांडेकर. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. १९८० मध्ये दांडेकरांनी माधव साठे यांच्याबरोबर त्याच योजनेची तपासणी केली. म्हणजे स्वतः सुचवलेल्या उपायालाही टेस्टिंग. आपल्याकडे किती जण करतात हे?

एक गोष्ट मात्र खटकते. शाळेपासून सुरुवात केलेल्या माणसाच्या रेषेत निकष फक्त अन्नाचा. पोराला शाळेत ठेवायला घराला किती पैसे लागतात, याचा वेगळा विचार नाही. तो आला २००९ साली, सुरेश तेंडुलकर समितीच्या अहवालात. तोवर दांडेकरांना जाऊन १४ वर्षं झाली होती.

आजीला हे सगळं सांगायला गेलो तेवढ्यात लाईट आली आणि तिची सिरियल सुरू झाली :) असो. १९८४ च्या दांडेकर समितीवर, म्हणजे अनुशेषावर, पुन्हा कधीतरी.