सिएरा लिओन : शांतता आली, पण सत्ता कोणाची राहिली?

बंदुका थांबल्या म्हणजे शांतता आली, असे मानण्याची एक रीत आहे. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशात मार्च १९९१ मध्ये पेटलेले यादवी युद्ध जानेवारी २००२ मध्ये संपल्याचे जाहीर झाले. त्यात सुमारे ५०,००० माणसे मारली गेली. लाखो देशोधडीला लागली. लहान मुलांच्या हाती शस्त्रे दिली गेली. अखेरीस ७०,००० हून अधिक लढवय्यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि परकीय मदतीचा ओघ सुरू झाला. 'लोकसहभाग', 'समेट', 'पुनर्बांधणी' हे शब्द खेडोपाडी पोचले. त्यांतून काय निष्पन्न झाले, याची काटेकोर तपासणीही या देशात झाली. तिचे निष्कर्ष परिवर्तनाच्या चळवळीतील प्रत्येकाने वाचावेत असे आहेत.

हे युद्ध हिऱ्यांसाठी झाले, असे जगभर सांगितले गेले. ते अर्धसत्य आहे. १८९६ मध्ये ब्रिटिशांनी फ्रीटाउनच्या वसाहतीमागील मुलूख संरक्षित प्रदेश म्हणून ताब्यात घेतला आणि तो स्थानिक चीफांमार्फत चालवला. ज्या घराण्यांना त्यांनी मान्यता दिली ती 'राज्यकर्ती घराणी' ठरली. जमीन, न्यायनिवाडा, कर, वेठ हे सारे त्यांच्या हाती एकवटले. घरगुती गुलामी कायद्याने बंद झाली ती १९२८ मध्ये. कायदा झाला, पण गुलामांच्या वंशजांकडे पाहण्याची नजर कायद्याने बदलत नाही. गरीब तरुणाने थोरांच्या घरातील स्त्रीकडे पाहिले असा आरोप ठेवायचा, त्याला न झेपणारा दंड करायचा आणि दंडापोटी शेतावर राबवायचे, हा प्रकार चालू राहिला. असे तरुण गाव सोडून परागंदा होत. बंडखोरांना माणसे मिळाली ती या परागंदांतूनही, असे पॉल रिचर्ड्स या अभ्यासकाने दाखवले आहे. बंडखोरांनी केलेल्या अत्याचारांचे यातून मुळीच समर्थन होत नाही. त्यांनी हात तोडले ते बहुधा आपल्यासारख्याच गरिबांचे. पण रोगाचे मूळ पाहिल्याशिवाय औषधाचे मूल्यमापन करता येत नाही.

औषध काय दिले गेले? प्रथम ब्रिटनच्या मदतीने, पळून गेलेल्या चीफांना परत बसवण्याचा कार्यक्रम झाला. त्यांच्यासाठी घरे बांधली गेली. २००४ मध्ये निवडून आलेल्या स्थानिक परिषदा पुन्हा सुरू झाल्या, हे खरे. परंतु चीफ आजही तहहयात असतो. त्याला निवडतात ते चीफडमचे सभासद, आणि उमेदवार होता येते ते फक्त मान्य घराण्यात जन्मलेल्याला. २००९ च्या कायद्याने ही जन्माची अट कायम ठेवली.

या चौकटीत 'गो-बिफो' म्हणजे 'पुढे चला' हा जागतिक बँकेच्या मदतीचा कार्यक्रम आला. बोंथे आणि बोंबाली या जिल्ह्यांतील २३६ गावांतून सोडतीने ११८ गावे निवडली गेली. प्रत्येकाला सुमारे ४,७०० डॉलर मिळाले. कार्यकर्ते महिनोन्‌महिने गावात जात. स्त्रिया आणि तरुण यांना निर्णयात घ्या, असा त्यांचा आग्रह होता. २००९ मध्ये निवडलेली आणि न निवडलेली गावे ताडून पाहिली गेली. निवडलेल्या गावांत सार्वजनिक सोयी वाढल्या होत्या. बाजारात थोडी अधिक वर्दळ होती. पैसा बऱ्याच अंशी कामी लागला होता. हे यश नाकारण्याचे कारण नाही.

मग तपासणाऱ्यांनी प्रत्येक गावाला एक ताडपत्री दिली, बांधकाम सामानाच्या सवलतीच्या चिठ्ठ्या दिल्या आणि गाव काय ठरवते ते पाहिले. सभेत कोण बोलले, निर्णय कोणी घेतला, याची नोंद ठेवली. दोन्ही प्रकारच्या गावांत फरक आढळला नाही. कार्यक्रम नसताना स्त्रिया आणि तरुण जेथे होते तेथेच ते राहिले.

असे का झाले? गाव हे एकजिनसी कुटुंब आहे, त्याला सभा भरवायला शिकवले की पुरे, हे येथील गृहीतक आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी ग्रामराज्याच्या अशाच भाबड्या गौरवावर प्रहार केला होता. सिएरा लिओनपुरता याचा पुरावा २०१४ मध्ये पुढे आला. डॅरन असेमोग्लू, ट्रिस्टन रीड आणि जेम्स रॉबिन्सन या संशोधकांना असे आढळले की, जेथे राज्यकर्ती घराणी मोजकी आणि म्हणून चीफची पकड घट्ट, तेथे शिक्षण आणि विकास मागे पडले. पण सभांना हजेरी मात्र तेथेच जास्त होती! हजेरी म्हणजे सहभाग नव्हे. कधी कधी ती ताबेदारीची नोंद असते.

समेटाचा हिशेबही असाच आहे. 'फांबुल टोक' म्हणजे 'कुटुंबातले बोलणे' या संस्थेने गावोगाव शेकोटीभोवती पीडित आणि अपराधी यांना समोरासमोर आणले. २०० गावांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षमा वाढली, परस्परांतील संबंध वाढले. पण लोकांतील नैराश्य, चिंता आणि जुन्या आघाताची वेदनाही वाढली. गाव जुळले, त्याची किंमत मात्र माणसांच्या मनांनी मोजली. जखम उघडी करून घेणाऱ्याला पुढे आधार कोणी द्यायचा, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

२०२२ मध्ये सिएरा लिओनने पारंपरिक जमिनीसंबंधी नवा कायदा केला. त्यात स्त्रियांना जमिनीचा समान हक्क मान्य झाला आणि जमीन समित्यांत त्यांना जागा मिळाल्या. प्रशिक्षणाच्या सभांहून हे पाऊल वेगळे आहे, कारण ते सत्तेच्या मुळाला, जमिनीला हात घालते. ते अंमलात किती उतरते, हीच त्याची कसोटी.

म्हणून शांततेच्या कोणत्याही कार्यक्रमाला आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. जमीन कोणाची? न्याय कोण करतो? जन्माची अट गेली की राहिली? या प्रश्नांची उत्तरे जुनीच असतील, तर विहीर आणि शाळा यांचे स्वागत जरूर करावे. पण त्याला परिवर्तन म्हणू नये.